बारा नंबरच्या पेटीत चूक का येत नव्हती

संध्याकाळी पाचला मृदुला साळोखे कार्यालयाचा जिना उतरून खाली पाळणाघरात यायची, आणि रोज तेच घडायचं. दहा महिन्यांची उर्वी हौसाक्काच्या कडेवर असायची. आईला बघून ती हसायची, खालचे दोन्ही दात दाखवून छान हसायची, पण हात काही पुढे करायची नाही. उलट हौसाक्काच्या पदराचा काठ मुठीत आणखी घट्ट धरायची. मग हौसाक्का तिचं एकेक बोट हलक्या हातानं सोडवायची.

"जा की गं बाई. आई हाय ती तुजी."

हे 'आई हाय ती तुजी' मृदुलाच्या छातीत कुसळासारखं जाऊन बसायचं. माझी ओळख माझ्याच लेकीला दुसरीनं करून द्यायची! तोंडानं ती म्हणायची, "दमवलं नाही ना हिनं?" आणि हौसाक्का म्हणायची, "छ्या! सोनं हाय ते." मृदुलाला तेही आवडायचं नाही. उर्वीनं हौसाक्काला थोडं दमवलं असतं तर बरं झालं असतं.

हौसाक्का पंचेचाळिशी ओलांडलेली. अठरा वर्षं तिनं इचलकरंजीतल्या मागावर काढली होती. माग स्वतःच्या स्वतः चालायला लागले, धागा तुटला तर यंत्रच जोडायला लागलं, तेव्हा ती संस्थेच्या पाळणाघरात मदतनीस म्हणून लागली. संस्थेची अशी तीनशे चाळीस पाळणाघरं जिल्हाभर पसरली होती, गिरण्यांत नि शिलाईच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी. त्यातलं बारा नंबरचं संस्थेच्या कार्यालयाखालीच होतं.

तरी मृदुलाजवळ एक समाधान होतं, आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज दुपारी तीनला तिच्या पडद्यावर तीनशे चाळीस पाळणाघरांचा अहवाल उमटे. त्यात ती आधी बारा नंबरची ओळ शोधे. 'उर्वी साळोखे. झोप लागली: दोन मिनिटांत. चूक: नाही.' ओळ हिरवी असे. ती हिरवी ओळ बघितली की तिला वाटे, हौसाक्का घेऊ दे कडेवर. झोपवतो तर माझाच हात!

कारण पाळण्यात तिचा हात खरोखरच होता. म्हणजे असायला हवा होता.

त्याचं असं होतं. गेल्या तीन महिन्यांपासून संस्थेच्या प्रत्येक पाळण्याच्या गादीत हवेच्या बारीक पिशव्या होत्या. त्या फुगत-मिटत आणि पाठीवर कुणी थोपटतंय असं बाळाला वाटे. मूल पाळणाघरात यायच्या आधी आठवडाभर आई मनगटावर एक पट्टा बांधायची. ती घरी बाळाला जशी थोपटे तसा ताल तो पट्टा टिपून घेई. मृदुलाचा ताल होता दोन हलक्या थापा, एक जरा दाबून, मग थोडा विसावा. हा ताल पाळणाघरातल्या पेटीत ठेवलेला असे. पेटी जेवणाच्या डब्याएवढी. बाळाचं रडणं ऐकायचं, श्वास मोजायचा, कधी थोपटायचं ते ठरवायचं, हा सगळा हिशेब तिथल्या तिथे पेटीतच होई. कायदाच तसा होता. मुलाचा आवाज आईबापांच्या संमतीशिवाय पाळणाघराबाहेर न्यायचा नाही, आणि ऐकायचा किंवा ऐकवायचा तो फक्त आईबापांनी. म्हणून एका मोठ्या यंत्राऐवजी काम तीनशे चाळीस पेट्यांत विखुरलेलं. मृदुला वरच्या मजल्यावरून फक्त त्यांना सूचना धाडायची. आणखी एक नियम बालरोगतज्ज्ञांनी घालून दिला होता. मूल रडायला लागलं की पेटीनं साठ सेकंद थांबायचं. आधी माणसाला संधी द्यायची, मगच गादीनं थोपटायचं. आईबापांना आपल्या मुलापुरती ही वेळ कमीजास्त करता येई, पण तसं करायचं कुणाला सुचतही नसे.

बुधवारी सकाळी प्रकल्पप्रमुख इंगवले तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मनुष्य वाईट नव्हता, फक्त त्यांना आकडे माणसांपेक्षा लवकर कळायचे.

"साळोखे मॅडम, हे अकरा ठिकाणी लाल कशापायी दिसतंय?"

मृदुलानं पाहिलं. एरवी बारा नंबरची हिरवी ओळ दिसली की तिची नजर पुढे जातच नसे. अकरा ओळी लाल होत्या, आणि प्रत्येकीत एकच वाक्य होतं. क्लास सापडला नाही: थोपटणे.

"शुक्रवारी समिती आहे," इंगवले म्हणाले. "पाळणे नीट चालतायत असं दाखवलं, तर प्रत्येक पाळणाघरातली एक मदतनीस कमी करायची असा विषय आहे. अकरा ठिकाणी करून पण बघितलंय महिनाभर. आणि तुम्ही मला लाल दाखवता!"

"बारा नंबरमधलीसुद्धा?"

"सगळीकडचीच. बारामध्ये दोघी आहेत ना? जी नवी, ती जाणार. ती मागावरची बाई. काय नाव तिचं?"

"हौसाक्का," मृदुला म्हणाली. हे नाव उच्चारताना आपल्याला बरं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं. मग थोडी लाजही वाटली. पण बरं वाटलं ते आधी.

ती कामाला लागली. क्लास म्हणजे काही फार अवघड गोष्ट नव्हे. मोठी आज्ञावली लिहिताना सगळं एका ठिकाणी लिहीत नाहीत, एकेका कामाचा वेगळा आराखडा करून ठेवतात. रडणं ओळखण्याचा एक, श्वास मोजण्याचा एक, थोपटण्याचा एक. मुख्य आज्ञावली त्यांना नावानं हाक मारते. सगळं एकाच यंत्रावर असेल तर हाकेला ओ मिळतेच. काम दूरच्या पेट्यांवर धाडायचं असेल तर हे आराखडेही गाठोड्यात बांधून सोबत द्यावे लागतात. लग्नघरी आचारी पाठवला आणि त्याच्या मसाल्याचा डबा घरीच राहिला तर जे होईल, तेच इथे होतं. आचाऱ्याला सगळं येतं, पण ऐन फोडणीच्या वेळी तो हात पुढे करतो आणि तिथे काही नसतं.

तिनं आपल्या मशीनवर सगळं चालवून पाहिलं. एका दमात चाललं. पुन्हा पाहिलं, पुन्हा चाललं. नाव चुकलंय का ते बघितलं, बरोबर होतं. पेट्यांत जुनी आवृत्ती अडून बसलीय का ते तपासलं, तसंही नव्हतं. शेवटी तिनं धाडलेलं गाठोडंच उघडलं आणि आतली यादी एकेक करून वाचली. रडणं होतं, श्वास होता, ताल साठवणारा होता. थोपटणे नव्हतं.

ते कधीच नव्हतं.

मग तिला आठवलं. थोपटणे तिनं कार्यालयात लिहिलंच नव्हतं. बाळंतपणाच्या रजेत, उर्वीला मांडीवर घेऊन, एका हातानं थोपटत आणि दुसऱ्या हातानं टाइप करत तिनं ते घरी लिहिलं होतं. लाडानं त्या कप्प्याला नावही 'उर्वी' दिलं होतं. तिच्या मशीनला तो कप्पा माहीत होता, म्हणून तिथे सगळं सापडत होतं. गाठोडं बांधणारी आज्ञावली मात्र फक्त कार्यालयाचे कप्पे उचलायची. आणि चाचण्या? त्या सगळ्या तिच्याच मशीनवर घेतलेल्या.

स्वतःला चार शिव्या घालून ती दुरुस्ती करायला बसली, आणि मध्येच थांबली. गाठोड्यात नव्हतं म्हणजे तीनशे चाळीस पेट्यांपैकी एकाही पेटीत नव्हतं. मग लाल ओळी अकराच का?

उत्तर तिला ठाऊक होतं, कुठल्याही नवशिक्यालाही ठाऊक असतं. यंत्र क्लास आधीपासून शोधून ठेवत नाही. लागेल तेव्हाच शोधतं. आचारी फोडणीला बसलाच नाही, तर मसाला घरी राहिल्याचं कुणाला कळणार? पेटी थोपटणं शोधायची ती मूल पूर्ण साठ सेकंद रडल्यावर. ज्या अकरा ठिकाणी चूक आली, तिथे मुलं साठ सेकंद रडली होती. तिनं अकरा नंबर इंगवल्यांच्या यादीशी ताडून पाहिले. महिनाभरापूर्वी जिथली मदतनीस काढली होती, तीच ती अकरा.

आणि बाकी तीनशे एकोणतीस ठिकाणी तीन महिन्यांत एकही मूल सलग मिनिटभर रडलंच नव्हतं.

बारा नंबर. उर्वी साळोखे. चूक: नाही.

म्हणजे त्या हिरव्या ओळीत तिचा हात नव्हता. एक दिवससुद्धा नव्हता. तीन महिने ती रोज दुपारी तीनला ज्या ओळीकडे बघून सुखावत होती, ती ओळ हौसाक्काची होती.

ती तशीच जिना उतरून खाली गेली. हौसाक्का मुलांची दुपटी घड्या घालत होती.

"हौसाक्का, उर्वी दुपारी रडते का हो?"

"रडतीया की. लेकरू हाय, रडणारच."

"मग? पाळणा थोपटतो ना तिला?"

हौसाक्कानं हसून दुपटं झटकलं. "त्यो? त्यो मिनिटभर वाट बघतोय म्हनं. मिनिटभर कोन रडू देतंय ओ लेकराला? आवाज आला की मी उचलती."

"पण पाळण्यात माझा ताल भरलाय. माझ्या हाताचा."

"आसंल की," हौसाक्का समजुतीच्या सुरात म्हणाली. "पर माझ्या हाताला मागाचीच सवय. खटक-खट, खटक-खट. त्येच्यावरच झोपतीया ती. काय करायचं आता?"

ती हे चिडवायला म्हणाली नव्हती, आणि म्हणूनच मृदुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. वर जाऊन तिनं 'उर्वी' कप्पा गाठोड्यात घातला, यादी दोनदा वाचून खात्री केली आणि तीनशे चाळीस पेट्यांना धाडून दिला. ते तिचं कामच होतं. त्यापुढचं काम नव्हतं. तिनं उर्वीचं पान उघडलं आणि 'थांबायची वेळ' या चौकटीतले साठ खोडून तिथे तीन लिहिले. आता हौसाक्का दुपटं खाली ठेवून उठेस्तोवर पाळणा थोपटायला लागला असता. बघू या तरी कुणाचा हात आधी पोचतो!

गुरुवारी सकाळी चहा गाळताना तिनं नवऱ्याला, धैर्यशीलला, सगळं सांगितलं. फक्त त्या तीनचं सांगितलं नाही.

"म्हणजे पोरीला ती बाई झोपवते," तो म्हणाला. "चांगलंच आहे की."

"चांगलं आहे?"

"मग काय, रडत ठेवलं असतं तर चाललं असतं तुला?" त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "मृदुला, तू चक्क जळतेयस. मदतनीस बाईवर."

"तुला नाही कळायचं. तुझ्याकडे ती हात पसरून येते."

"कारण मी खिशात चावी वाजवतो," धैर्यशील म्हणाला. तिला हसू आलं नाही. तिनं चहा त्याच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

दुपारी सव्वादोनला ती पाळणाघराच्या दारात उभी राहिली. जेवण होऊन मुलं पाळण्यांत गेली होती. उर्वी डोळे चोळत होती. मग तिनं ओठ काढला आणि रडायला सुरुवात केली. हौसाक्का उठली.

"राहू द्या, हौसाक्का," मृदुला म्हणाली. "हात लावू नका. पाळणा दुरुस्त केलाय. बघू या जरा."

एक, दोन, तीन. गादी हलली. दोन हलक्या थापा, एक दाबून, विसावा. उर्वीचं रडणं कापल्यासारखं थांबलं. मृदुलाचा आनंद डोळ्यांत मावेना. ओळखलं! माझ्या सोन्यानं माझा हात ओळखला!

खरोखरच ओळखला होता. उर्वीनं मान वळवली. आधी डावीकडे, मग उजवीकडे. मग ती पालथी होऊन पाळण्याच्या काठाकडे सरकली आणि काठाशी हात चाचपडू लागली. ती आईला शोधत होती. हात आहे म्हणजे आई इथेच असणार, जवळच, वर कुठेतरी वाकलेली. तिनं वर बघितलं. वर छत होतं. गादी थोपटत राहिली, दोन हलक्या, एक दाबून, आणि उर्वी जे रडायला लागली, ते रडणं मृदुलानं कधी ऐकलं नव्हतं. भुकेचं नव्हतं, दुखण्याचं नव्हतं. चेहरा जांभळा होईस्तोवर ती रडत होती. आई आहे, आणि नाही.

"उचलू?" हौसाक्कानं विचारलं.

"थांबा. होईल शांत."

"न्हाई होत, बाई."

"मी सांगते ना, हात लावू नका!"

स्वतः पुढे जावं, हे तिला का सुचलं नाही? तिला सुचलं होतं. पण ती गेली असती तर पाळणा हरला असता, आणि पाळण्यात तर तीच होती. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अर्धा फेरा फिरला, पाऊण फिरला. दुसरी दोन मुलं जागी होऊन कुरकुरायला लागली. हौसाक्का हात पदरात गुंडाळून उभी होती. मग तिनं ते सोडले.

"नोकरी घालवायची तर घालवा," ती म्हणाली, आणि वाकून उर्वीला उचललं.

खटक-खट, खटक-खट. उर्वीनं तोंड तिच्या खांद्यात खुपसलं. हुंदके लांब होत गेले, मग विरले. मृदुला दारात तशीच उभी होती. हौसाक्का तिच्याकडे बघतही नव्हती.

शुक्रवारी अकराला समिती बसली. इंगवल्यांनी भिंतीवर अहवाल लावला. तीनशे चाळीस ओळी, सगळ्या हिरव्या.

"साळोखे मॅडमनी चूक काढली," ते खुशीत म्हणाले. "एक फाइल धाडायची राहिली होती, एवढंच. आता पाळणे सगळीकडे काम करतायत. त्यामुळे एक मदतनीस कमी करण्याच्या विषयाला हरकत नसावी."

मृदुला गप्प राहिली असती तर कुणीच तिला काही विचारलं नसतं. हौसाक्का सोमवारपासून आली नसती. उर्वी चार दिवस रडली असती, आठ दिवस रडली असती, आणि मग मुलं विसरतात. महिन्याभरानं पाच वाजता तिनं दोन्ही हात पसरले असते. मृदुलानं ते हात बघितलेसुद्धा, मनातल्या मनात, अगदी स्पष्ट.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली.

इंगवल्यांनी चष्मा काढला. "तुमची?"

"हिरवं म्हणजे चूक आली नाही, एवढंच. मूल शांत झालं असा त्याचा अर्थ नाही. तसा अर्थ मीच लावला होता, कारण मला तो लावायचा होता. तीन महिने एकाही पेटीत थोपटणं नव्हतं, सर. तीनशे एकोणतीस ठिकाणी ते लागलंच नाही, कारण तिथे बायका साठ सेकंदांच्या आत पोचत होत्या. जिथल्या काढल्या, तिथेच लाल आलं."

"बरोबर. पण आता थोपटणं आलंय ना पेटीत? आता लाल येणार नाही."

"नाही येणार. पण मूल शांत होईल असं नाही."

"पुरावा?" समितीतल्या एका बाईंनी विचारलं. आवाजात टोचणी नव्हती, खरंच विचारत होत्या.

पुरावा पेट्यांत होता, पण कायद्यानं मृदुलाला एकाच मुलीचा आवाज ऐकवता येत होता. तिनं बारा नंबरची पेटी उघडली. बुधवारची दुपार लावली असती तरी हौसाक्काचं काम दिसलं असतं, आणि बाकी काही उघड झालं नसतं. पण थोपटणं हजर असताना काय होतं, ते फक्त गुरुवारच्या दुपारीच होतं. तिचं बोट क्षणभर बुधवारवर थांबलं. मग तिनं गुरुवार लावला.

खोलीत उर्वीचं रडणं भरलं. मग गादीच्या थापा, मग शांतता. इंगवल्यांनी 'बघा' अशा अर्थी मान हलवली. आणि मग ते दुसरं रडणं. समितीतल्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. 'उचलू?' असा एक आवाज आला. 'थांबा. होईल शांत.' 'न्हाई होत, बाई.' 'मी सांगते ना, हात लावू नका!' मग नुसतं रडणं. ते संपेना. मृदुलानं आवाज कमी केला नाही, की पुढेही सरकवलं नाही. भिंतीवर सेकंद पळत होते, आणि सगळे तिकडे बघत होते. एक्याऐंशीव्या सेकंदाला 'नोकरी घालवायची तर घालवा' असं ऐकू आलं. त्यानंतर मागाच्या तालावरच्या थापा आणि एका बाळाचा मोठा, थकलेला श्वास.

मृदुलानं पेटी बंद केली.

"ही मागावरची बाई," इंगवले अखेर म्हणाले. "आणि तो दुसरा आवाज कुणाचा? हात लावू नका म्हणणारा?"

"माझा," मृदुला म्हणाली. "आणि थांबायची वेळही मीच तीन केली होती. मला तिच्या आधी पोचायचं होतं."

विषय त्या दिवशी मंजूर झाला नाही. प्रत्येक आईबापानं आधी आपापल्या मुलाच्या पेटीतला आवाज ऐकावा, मग बघू, असं ठरलं. अकरा ठिकाणच्या मदतनिसांना तोवर परत बोलवायचं, हेही ठरलं. इंगवल्यांनी ते स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. जाताना ते थबकले आणि मान डोलावून गेले.

मृदुला खाली गेली तेव्हा तीन वाजत होते. हौसाक्का भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मांडीवर उर्वी गाढ झोपलेली.

"लवकर आलासा," हौसाक्का म्हणाली. आवाज जरा कोरडा होता. तिला समितीतलं काहीच ठाऊक नव्हतं.

"कालचं चुकलं माझं, हौसाक्का."

उर्वीच्या कपाळावरचे केस हौसाक्कानं बोटानं मागे सारले. "माझ्या थोरल्याला मी सासूपाशी ठेवून मागावर जायची," ती म्हणाली. "सासूनं उचललं की गप व्हायचा. माझ्याकडं आला की रडायचा. सासू मरंल तर बरं, आसं वाटायचं बघा."

मृदुलाला एकदम हसू आलं, आणि हसतानाच डोळे भरून आले.

"घ्या," हौसाक्का म्हणाली. "माझा पाय बधिर झालाय."

"उठेल ती."

"उठंल. रडंल बी. मग?"

मृदुला खाली बसली आणि तिनं उर्वीला अलगद आपल्या मांडीवर घेतलं. उर्वी जागी झाली. तिनं आईकडे बघितलं, मग हौसाक्काकडे बघितलं, आणि ओठ काढून रडायला लागली. मृदुला थोपटू लागली, दोन हलक्या, एक दाबून. रडणं थांबेना. तिला हौसाक्काचा हेवा वाटत होताच, काल वाटला तितकाच. पण या वेळी ती इथे होती, वाकलेली, आणि उर्वीला वर बघितलं की ती दिसत होती. म्हणून ती थोपटत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिनं बघितलं नाही.

बघितलं ते हौसाक्काकडे. हौसाक्का जागची हलली नव्हती. ओठ मिटून ती मुद्दाम दुसरीकडे, खिडकीबाहेर बघत होती. आणि तिची बोटं तिच्या स्वतःच्याच रिकाम्या मांडीवर आपटत होती, एकसारखी, थांबवता येत नसल्यासारखी.